तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा वेळ हाताशी असून ते काही करत का नाहीत?

बेकारीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. "नोकरी गेली, मान्य. पण मग दिवसभर मोकळेच असतात ना? काही शिकावं, वाचावं, छोटंमोठं काम धरावं. करणाऱ्याला काम मिळतंच." विचारणाऱ्यांपैकी बरेच जण मनानं वाईट नसतात. पण या प्रश्नात दोन गोष्टी आधीच गृहीत धरलेल्या असतात: काम कुठेतरी आहेच, आणि बेकार माणसाकडे वेळ आहे. दोन्ही तपासून पाहता येतात. तुटक उत्तरं देऊन कंटाळा आलाय, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

कामाचं आधी. नव्वद जागा आणि शंभर मागणारे असतील तर दहा जण बाहेर राहणार. त्यातल्या एकाला उत्तम प्रशिक्षण दिलं तर तो आत जाईल, दुसरा कुणी बाहेर पडेल, बाहेरचे दहाच. प्रशिक्षणाचा उपयोग होतो तो वेगळ्या परिस्थितीत, जेव्हा रिकाम्या जागाही पुष्कळ असतात आणि बेकारही पुष्कळ, पण एकाचं कौशल्य किंवा ठिकाण दुसऱ्याशी जुळत नाही. रिकाम्या जागा कमी आणि बेकार जास्त असतील तर दोष मागणीचा: मालाला गिऱ्हाईक नाही, म्हणून कामगार नको. एक नोकरी सोडून दुसरी धरेपर्यंतची काही आठवड्यांची बेकारी निराळी, तिची फारशी चिंता करायला नको. नुसता बेकारीचा दर पाहून यातलं काहीच कळत नाही, रिकाम्या जागांचा आकडा शेजारी ठेवावा लागतो. त्या दराचीही एक खोच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येनुसार बेकार म्हणजे ज्यानं पाहणीच्या आठवड्यात एक तासही काम केलेलं नाही, जो कामाला तयार आहे आणि जो काम शोधतो आहे. शोधून थकलेला माणूस या मोजणीतून गळतो. म्हणजे लोकांनी आशा सोडली तरी दर खाली येऊ शकतो, आणि वर अभिनंदनही होतं.

आता वेळ. इथे मला मारिएनथालबद्दल लिहायलाच हवं, कारण तुमचा प्रश्न तिथे अक्षरशः मोजला गेला.

ऑस्ट्रियातलं, व्हिएन्नाजवळचं हे गाव एका कापडगिरणीवर उभं होतं. 1929च्या जुलैत सूतकताई बंद झाली, 1930च्या फेब्रुवारीत माग थांबले. गावात 478 कुटुंबं होती, त्यातल्या 367 कुटुंबांत नियमित काम असलेलं कुणीही उरलं नाही. मारी याहोदा, पॉल लाझारस्फेल्ड आणि हान्स त्साइझेल या संशोधकांच्या गटानं 1931-32मध्ये गावाचा अभ्यास केला आणि 1933मध्ये तो प्रसिद्ध झाला. नुसतं निरीक्षक म्हणून कुणी तिथे जायचं नाही, असा त्यांचा नियम होता. म्हणून त्यांनी कपडे वाटले, वैद्यकीय तपासणी ठेवली, शिवणाचे वर्ग घेतले आणि त्यातून माणसं जवळून पाहिली.

गिरणी चालू असताना हे गाव निपचित पडलेलं नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. वाचनालय होतं, नाटकमंडळी होती, फुटबॉल होता, पक्षांच्या शाखा होत्या, बाग होती. सगळं दिवसभर राबून घरी येणाऱ्या कामगारांच्या जोरावर. गिरणी बंद झाल्यावर वाचनालयाची वर्गणी माफ झाली. तरीही 1929 ते 1931 या काळात पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. सवलतीत मिळणारं राजकीय दैनिकसुद्धा लोकांनी बंद केलं. बागेत गवत माजलं, आणि ते काढायला वेळ नसलेला माणूस गावात शोधूनही सापडला नसता. आळस हेच कारण असेल तर एवढी कष्टाळू माणसं दीड-दोन वर्षांत एकदम आळशी कशी झाली, हे मला कुणीतरी सांगावं.

संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्या शंभर जणांची नोंद केली. 68 पुरुषांपैकी 39 जण वाटेत तीनदा किंवा त्याहून अधिक वेळा थांबले. 32 बायकांपैकी फक्त तिघी. बहुतेक पुरुषांनी खिशात घड्याळ ठेवणं सोडलं होतं. दिवसभरात काय केलं हे तासवार लिहायला दिलं तेव्हा उठणं, दुपारचं जेवण आणि झोपणं, एवढेच टप्पे पुरुषांना धड आठवत होते. मधले तास ते भरूच शकत नव्हते. बायकांचा दिवस मात्र भरलेला होता: स्वयंपाक, धुणं, ठिगळं लावणं, कमी पैशांत भागवणं. थकवा दोघांनाही होता, पण बाईचे तास शाबूत राहिले.

मुलांना नाताळच्या भेटीबद्दल लिहायला सांगितलं. त्यांनी मागितलेल्या वस्तूंची किंमत आसपासच्या गावांतल्या मुलांच्या मागण्यांच्या साधारण एक तृतीयांश भरली. 'आईबाबांना काम असतं तर' अशी सुरुवात करून काहींनी मागणी लिहिली होती. हे वाचून कुणी म्हणालं की मुलं समजूतदार झाली, तर मला राग येतो.

आणि "छोटंमोठं काम धरावं" हे म्हणणाऱ्यांसाठी: मारिएनथालमध्ये बेकारभत्ता घेणाऱ्याला कसलंही काम करायला मनाई होती. झाडं तोडायला मदत करून सरपण घेतलं म्हणून एकाचा भत्ता गेला. दूध पोचवून मुलांसाठी थोडं दूध घेतलं म्हणून एका बाईचा. बाजा वाजवून चार पैसे मिळवले म्हणून आणखी एकाचा. भत्त्याची मुदत संपली की मर्यादित मदत, ती संपली की काहीच नाही. धडपड करणाऱ्यालाच दंड होत असेल तर माणूस हालचाल थांबवतो. कमाई झाली की भत्ता एकदम तोडण्याऐवजी थोडा थोडा कमी करणं हा यावरचा उपाय. कुठल्याही योजनेत मी आधी हेच तपासते.

बेकारी लांबली की बसणारा फटका तर बेकार माणसाच्या हातातच नसतो. अमेरिकेतल्या सुमारे शंभर शहरांत संशोधकांनी काल्पनिक उमेदवारांचे हजारो अर्ज पाठवले. 2013मध्ये निष्कर्ष आले. बेकारीचा काळ वाढेल तशी मुलाखतीची बोलावणी कमी होत गेली, आणि मोठी घसरण पहिल्या आठ महिन्यांतच झाली. जिथे कामं मुबलक होती तिथे ही घसरण अधिक तीव्र होती, कारण 'कामं असूनही हा अजून बेकार कसा?' असं मालकाला वाटतं. म्हणजे तुमचाच प्रश्न, फक्त नोकरी देणाऱ्याच्या तोंडी. त्याच्या तोंडी तो आला की माणूस खरोखरच बाहेर राहतो.

मी पूर्वी ठामपणे म्हणत असे की खरा घाव वेळेवर आणि ओळखीवर होतो, पैसा दुय्यम. याहोदांनी पुढे मांडलं तेही असंच: पगाराखेरीज नोकरी दिवसाला आकार देते, घराबाहेरची माणसं देते, सामायिक उद्देश देते, समाजात स्थान देते आणि हातापायांना हालचाल देते. पण त्याच अभ्यासातले उत्पन्नाचे आकडे मला स्वस्थ बसू देत नाहीत. खचून न गेलेल्या कुटुंबांत दर प्रौढामागे महिन्याला सरासरी 34 शिलिंग (ऑस्ट्रियाचं तेव्हाचं चलन) होते, निमूट झालेल्यांत 30, हताशांत 25, पार कोलमडलेल्यांत 19. चार-पाच शिलिंगांवर माणसाचं मन एक पायरी खाली उतरत होतं. मग पैसा दुय्यम कसा? दुसऱ्या बाजूला, घरकामानं दिवस भरलेल्या बायकासुद्धा गिरणीत परत जायला तयार होत्या, आणि तेही केवळ पैशासाठी नव्हे. दोन्ही पुरावे एकाच गावातले आहेत आणि मला त्यातला एकही बाजूला सारता येत नाही.

मग शिकायला सांगूच नये का? सांगावं. समोर रिकाम्या जागा असतील, पहिल्या काही महिन्यांतच सांगितलं जाणार असेल आणि शिकताना घर चालेल एवढं उत्पन्न असेल, तर जरूर. यातलं एक जरी नसेल तर तो सल्ला माणसाला आणखी एकदा नापास करतो.

2020च्या ऑक्टोबरपासून मारिएनथाल ज्या ग्रामाट्नॉइझीडल परिसरात आहे तिथेच एक प्रयोग झाला: दीर्घकाळ बेकार असलेल्या प्रत्येकाला कामाची हमी, सामील होणं ऐच्छिक, आधी काही आठवड्यांची तयारी, मग पगारी काम. उत्पन्न आणि सुरक्षितता सुधारली. दिवसाला आकार, लोकांशी संबंध, समाजातलं स्थान हेही सुधारलं. गावातली बेकारी लक्षणीय घटली. शारीरिक आरोग्यात मात्र फरक आढळला नाही. या निकालावर मी खूश आहे, पण निवांत नाही. ही एका गावापुरती योजना होती, आणि तिच्यामागे चालू असलेली अर्थव्यवस्था होती. 1930मध्ये मागणीच आटली होती. तशा काळात एवढ्या लोकांना काय काम द्यायचं, कुणाच्या पैशानं आणि किती वर्षं, यावर माझी माझ्याशीच अजून हुज्जत चालू आहे.