तुम्ही विचारलंत म्हणून: त्सुरुगाच का?

“क्योटो इतकं जवळ असताना तीन दिवस त्या त्सुरुगात काढलेत? आहे काय तिथे?” जपानहून आल्यापासून भेटेल तो हेच विचारतो.

खरं सांगायचं तर बघण्यासारखं बेताचंच. साठ हजारांवर वस्तीचं बंदर. मार्च २०२४ पासून होकुरिकु शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन इथवर येते आणि इथेच संपते. क्योटो-ओसाकाचे प्रवासी उतरतात आणि लगबगीने दुसरी गाडी धरतात. स्टेशनाबाहेर पडलेले आम्ही मोजकेच.

पण मी कोल्हापूरचा. वळिवड्याच्या पोलिश छावणीच्या गोष्टी आजीकडून ऐकत वाढलो. रशियातली हद्दपारी भोगून आलेले पाचेक हजार पोलिश लोक, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ आमच्या शेजारी राहून गेले. त्याच्या वीसेक वर्षं आधी सायबेरियात अडकलेली साडेसातशेवर पोलिश मुलं जपानी रेडक्रॉसने सोडवून आणली, ती १९२० आणि १९२२ साली उतरली त्सुरुगाला. हे वाचलं, तेव्हाच ठरलं.

१९१२ पासून टोकियोहून या धक्क्यापर्यंत गाडी यायची. पुढे बोटीने व्लादिवोस्तोक, तिथून रेल्वेने थेट युरोप. १९४० साली त्याच वाटेने उलटे आले ते ज्यू निर्वासित. लिथुआनियातले जपानी अधिकारी चिउने सुगिहारा यांनी वरून नकार असताना लिहून दिलेले व्हिसा त्यांच्या खिशात होते. धक्क्याजवळच्या संग्रहालयात गावकऱ्यांच्या आठवणी लावल्यात: कुणी सफरचंदं वाटली, एका सार्वजनिक स्नानगृहाने एक दिवस त्यांना फुकट आंघोळ दिली. माझा पाय तिथेच अडकला. महिनोन्‌महिने पळत असलेल्या माणसाला गरम पाणी! व्हिसाइतकंच मोठं वाटलं मला ते. जुलै १९४५ च्या बाँबहल्ल्यात शहराचा बराचसा भाग जळाला, त्यामुळे उरल्यात त्या बहुतांशी अशा सांगोवांगीच्या गोष्टी.

खाण्याचं विचाराल तर कोंबू. होक्काइदोहून शिडाच्या जहाजांनी यायचं ते समुद्री शेवाळ. ते व्हिनेगरमध्ये मुरवून सुरीने इतकं पातळ तासतात की पलीकडचं दिसावं. सुपात पडलं की विरघळल्यासारखं होतं. तांबड्या-पांढऱ्यावर पोसलेल्या जिभेला पहिल्या दिवशी काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मी दोन पाकिटं विकत घेतली.

निघताना संग्रहालयातल्या बाईंना फोनवरच्या भाषांतराच्या आधाराने वळिवड्याची हकीकत सांगितली. त्यांनी कागद पुढे केला आणि गावाचं नाव लिहून मागितलं. मी देवनागरीत लिहिलं, खाली रोमन लिपीत. त्यांनी ते तीनदा म्हणून पाहिलं. ‘ळ’ काही जमला नाही.