बारा हजारांतली डोंगराची सायकल

२०२५च्या सप्टेंबरमधील अतिवृष्टीनंतर छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या सायकलच्या दुकानात दिवाळीची गर्दी अशी झालीच नाही. २२ सप्टेंबरपासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला होता आणि तशी पाटीही आम्ही दारात लावली होती. पण ज्यांच्या कापसाची बोंडे झाडावरच सडली, त्यांना त्या सात टक्क्यांचे काय कौतुक असणार? अशा दिवसांत कन्नड तालुक्यातील एक शेतकरी आपल्या अकरावीतल्या मुलाला घेऊन आले. पहिल्या वेचणीचा जो काही कापूस हाती लागला, त्यातून त्यांनी १२,००० रुपये सायकलीसाठी बाजूला काढले होते, आणि त्यावर एक रुपयाही निघणार नाही, हे त्यांनी टेकण्याआधीच सांगून टाकले.

गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, कॉलेजची वाट अर्धी मुरमाची आणि अर्धी बांधावरची, मध्ये एक ओढा. शिवाय सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर डोंगर चढायचा, असा मुलाचा बेत होता. मोबाइलमध्ये त्याने फोटो जपून ठेवला होता तो डबल शॉकअपच्या, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंग असलेल्या सायकलीचा. तशीच एक आमच्याकडे ११,५०० रुपयांना उभी होती, आणि ती दिसताच त्याचा चेहरा उजळला.

"मालक, ही चालंल का डोंगरात?" वडिलांनी विचारले.

त्या क्षणी 'चालेल' म्हटले असते, तर दहा मिनिटांत बिल फाटले असते. मी मात्र मुलाला ती सायकल घेऊन गल्लीच्या चढावर पाठवले आणि सीटवरून उठून पायडल मारायला सांगितले. प्रत्येक पायडलागणिक सायकल मागून खाली बसत होती आणि वर उसळत होती. महागड्या डबल शॉकअपमध्ये स्प्रिंगची उसळी आवरायला तेलाची किंवा हवेची व्यवस्था असते. या किमतीत मागे नुसती लोखंडी स्प्रिंग मिळते, आणि चढावर लावलेला जोर तीच खाऊन टाकते. तिच्या सांध्यांतले बुशही काही महिन्यांत खुळखुळू लागतात. दोन शॉकअप, एकवीस गिअर आणि डिस्क ब्रेक इतके सगळे या पैशांत देताना कारखानदार काटकसर कुठे करतो, तर चाकांत आणि बेअरिंगमध्ये, म्हणजे नेमकी जिथे ती करू नये तिथे.

हे सगळे मी दाखवत होतो, पण निकाल लावला तो वडिलांनी. त्यांनी मुलाला सांगितले, "आता खांद्यावर घेऊन पायऱ्या चढून दाखव. वढ्याला पाणी असलं की तुलाच उचलायचीय." डबल शॉकअपच्या त्या वाकड्यातिकड्या फ्रेममध्ये खांदा घालायला जागाच नव्हती. हुकाच्या काट्याला टांगली, तर ती साडेअठरा किलो भरली. सायकल निवडताना ही कसोटी लावणारे गिऱ्हाईक माझ्याकडे त्याआधी आले नव्हते.

फक्त पुढेच शॉकअप असलेल्या नव्या सायकलींतली मला पटेल अशी सर्वांत स्वस्तही, जीएसटी उतरूनसुद्धा, त्यांच्या आवाक्याबाहेर होती. तेव्हा मी माळ्यावरची एक जुनी सायकल खाली काढली. करोनाच्या काळात हौसेने घेतलेली आणि पुढे गॅलरीत टांगून राहिलेली ही सायकल मालकाने मूळ बिलासह आमच्याकडे दिली होती. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, साडेसत्तावीस इंची चाके आणि तारेवर चालणारे डिस्क ब्रेक. किंमत ८,५०० आणि वजन साडेचौदा किलो.

जुन्या सायकलीत मी आधी फ्रेमचे जोड पाहतो. हँडलखालचा आणि पायडलच्या दांड्याजवळचा जोड फडक्याने पुसून बॅटरीच्या उजेडात बोट फिरवून पाहिला. रंगाखाली केसाएवढी भेगही चालत नाही. मग साखळीवर पट्टी ठेवली. नव्या साखळीच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. एक अष्टमांश इंच वाढल्या, तर साखळीबरोबर मागची दातेरी चक्रेही बदलावी लागतात. इथे वाढ एक सोळांशाच्या आसपास होती, म्हणजे साखळी बदलून काम भागणार होते. वडील पट्टीवर इतके वाकले होते की मला माझे डोके मागे घ्यावे लागले.

त्यांचा एकच आक्षेप उरला: मुलगा अजून वाढणार, तर फ्रेम एक माप मोठी का नको? शाळेचे कपडे वाढत्या अंगाचे घेतात, तसे सायकलीत करता येत नाही. सीट वर घेता येते, पण आडवा पाइप खाली करता येत नाही. आणि उतारावर अचानक पाय टेकायची वेळ आली, तर त्या पाइपपासून दोनेक इंचांची मोकळीक असावीच लागते. सतरा इंची फ्रेमवर मुलाला ती होती.

उरलेल्या पैशांत साखळी, हेल्मेट, हातपंप आणि दोन्ही ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारे द्रव, एवढे बसले. बाभळीच्या काट्यांच्या मुलखात हे द्रव पुढच्या शॉकअपहून जास्त उपयोगाचे, असे माझे मत आहे. डिस्क ब्रेकचा आग्रह मी धरला तो दिखाव्यासाठी नव्हे: पावसाळ्यात काळी चिकण माती रिमला लपेटली की रिमवरचे ब्रेक नुसते माती घासत बसतात. तेलावर चालणारे ब्रेक चांगले असले, तरी बिघडल्यास त्यांना शहरात आणावे लागेल. तारेचे ब्रेक तालुक्याच्या दुकानातही दुरुस्त होतात. साडेसत्तावीसची ट्यूब गावाकडे न मिळाल्यास निकडीला सव्वीसची चालून जाते, हेही मुलाला सांगितले.

महिन्याभराने तो एकटाच सर्व्हिसिंगला आला. टायरमध्ये रुतलेले काटे मी चिमट्याने उपसून काढले. बारीक छिद्रांतून द्रव वर येई आणि तिथेच गोठे. मागच्या चाकाचे आउट काढले, सैल स्पोक आवळले. त्याला मात्र आता पुढची, पायडलजवळची तीन दातेरी चक्रे काढून एकच बसवायचे होते, आणि त्याचा खर्च तो विचारत होता. नवी साखळी झिजेपर्यंत थांब, तेव्हा सगळे एकदमच बदलू, असे सांगून मी त्याच्याकडून फक्त सर्व्हिसिंगचे पैसे घेतले.