मामा बघत होते इंटर्नकडे

हॉस्पिटलातली आगीची मॉक ड्रिल संपून घरी आले, जेवले, भांडी झाली, तरी तेच डोक्यात. मी, वॉर्डची सिस्टर, वॉर्डबॉयला म्हणाले, "मामा, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद करा," आणि मामांनी बघितलं कुणाकडे, तर इंटर्नकडे, शिकाऊ डॉक्टरकडे. व्हॉल्व्हची पेटी कुठल्या भिंतीवर आहे हेही त्या पोराला ठाऊक नव्हतं. त्यानं मान डोलावली, मग व्हॉल्व्ह फिरला. कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

माझ्या जॅकेटच्या पाठीवर भलंमोठं 'इन्सिडेंट कमांडर' लिहिलेलं होतं, म्हणजे आगीच्या वेळी हुकूम माझा. प्रशिक्षणात सगळं घोकून घेतलंय. जो धोक्यात आहे त्याला आधी हलवा, इशारा द्या, दारं लावून धूर अडवा, विझवणं शेवटी. लिफ्ट नाही. जिन्याकडे धावण्याआधी त्याच मजल्यावर आग अडवणाऱ्या दाराच्या पलीकडे न्या. व्हॉल्व्हला हात लावण्याआधी त्या लाइनवरचा प्रत्येक पेशंट सिलिंडरवर किंवा अँबूवर, म्हणजे हातानं दाबायच्या श्वासाच्या फुग्यावर. चालते पेशंट एक सिस्टर घोळक्यानं बाहेर काढते, व्हेंटिलेटरवरच्या एकालाच तीन-चार माणसं लागतात. मग रात्री दोघीच असताना आधी कोण? हे ऐकताना पोटात गोळा आला होता. असो.

पण ती नजर. भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे हॉस्पिटलच्या आगीत १० बाळं गेली, ७ वाचली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरच्या सिव्हिलच्या आयसीयूत आग लागली, आणि पुढे अटक झाली त्यात एका डॉक्टरबरोबर तीन परिचारिका होत्या. म्हणजे जाब विचारायच्या वेळी आम्ही बरोबर दिसतो. तेव्हा नाही कुणी इंटर्नकडे बघत.

कामा हॉस्पिटलच्या अंजली कुलथे सिस्टरांनी २६ नोव्हेंबर २००८ ला गोळीबार चालू असताना २० गरोदर बायका पँट्रीत नेल्या. अंगावर साधा युनिफॉर्म. त्यांच्या वॉर्डातले मामा त्या क्षणी कुणाकडे बघत होते, हे मला त्यांना विचारायचंय. बाकी काही नाही.

मामांवर तरी काय रागवायचं? राऊंडला सर बोलतात, आम्ही लिहून घेतो, हे ते नोकरीला लागल्यापासून बघतायत. आणि ते जॅकेट? संध्याकाळी रजिस्टरात सही करून स्टोअरला जमा केलं. खरी आग लागली की आधी इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, भरायचा, त्यावर मेट्रनची, आमच्या मुख्य सिस्टरांची, सही, मग मी कमांडर!

उद्यापासून प्रत्येक ओव्हरला, म्हणजे ड्यूटी बदलताना, मोठ्यानं सांगायचं ठरवलंय: व्हॉल्व्ह कुणाकडे, अँबू कुणाकडे, फोन कोण करणार. मेट्रन म्हणाल्या, "करा, पण लेखी काही नको." निघताना मामांना सांगितलं, "व्हॉल्व्ह तुमच्याकडे, आणि माझ्या शब्दावर."

"चालेल सिस्टर. पण साहेब थांबा म्हणाले तर?"

म्हटलं, त्यांच्या हातात एक अँबू द्या. दाबायला माणसं कमीच पडतात.