अनामत रक्कम: झीज कोणती आणि नुकसान कोणते?

घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील बरेचसे तंटे घर सोडताना उपटतात आणि त्यांच्या मुळाशी बहुधा अनामत रक्कम असते. इतके दिवस भाडे वेळेवर मिळालेले असते, बोलणे-चालणेही बरे असते. पण किल्ल्या परत करायची वेळ आली की भिंतीवरचा प्रत्येक डाग एकाएकी दिसू लागतो. डिपॉझिट हे भाडेकरूचेच पैसे असून घरमालकाकडे ते केवळ तारण म्हणून असतात. त्यामुळे त्यातून काही कापायचे असेल, तर ते का आणि किती, हे घरमालकाने दाखवून द्यायला हवे.

खरी मेख झीज आणि नुकसान यांतील फरकात आहे. कपाट हलवल्यावर मागचा रंग गडद आणि आजूबाजूचा फिका दिसतो, ही काळाने केलेली झीज. दाराला पडलेले भोक किंवा फुटलेले बेसिन हे नुकसान. झिजेचा खर्च घरमालकाचा, नुकसानीचा भाडेकरूचा. पण नुकसान कबूल केले म्हणून कोऱ्या वस्तूची पूर्ण किंमत भरून द्यावी, हे मला रास्त वाटत नाही. रंगकाम ५ वर्षे टिकते असे धरले आणि ते झाल्यापासून ४ वर्षे उलटली असतील, तर भिंत खराब केल्याबद्दल फार तर खर्चाचा पाचवा हिस्सा मागता येईल. असा हिशेब कागदावर मांडला, की चढलेले आवाज बऱ्याचदा खाली येतात. अर्थात, राहायला येतानाच्या अवस्थेची तारखेसह छायाचित्रे आणि दोघांच्या सहीची सामानाची यादी नसेल, तर हिशेबालाही आधार उरत नाही.

नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत. जर्मनीत राहत्या घरासाठी ३ महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही. कॅलिफोर्नियात घर सोडल्यापासून २१ दिवसांत कपातीचा तपशील द्यावा लागतो. भारताच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने निवासी जागेसाठी २ महिन्यांची मर्यादा सुचवली, मात्र राज्याने स्वीकारल्याखेरीज ती लागू होत नाही.

वाद चिघळला, तरी रागाच्या भरात भाडे थांबवू नये. त्याने थकबाकीदार ठरण्याची आणि घर खाली करावे लागण्याची जोखीम ओढवते. उलट बाजूने, न्यायालयाच्या आदेशावाचून कुलूप बदलणे किंवा पाणी तोडणे बहुतेक देशांत बेकायदा आहे. आधी लेखी पत्र द्यावे आणि त्यात रक्कम, अमान्य असलेली कपात व उत्तराची मुदत स्पष्ट लिहावी. उत्तर न आल्यास मध्यस्थी, आणि तीही फसल्यास भाडे न्यायालय किंवा लहान दाव्यांचे न्यायालय असेल तिथे अर्ज करावा. तडजोड झालीच, तर ठरलेली रक्कम हाती पडताना ‘यापुढे कोणाचे कोणाकडे येणे नाही’ असे दोघांच्या सहीने लिहून घ्यावे.