धर्माबादची तेलुगू आणि किनवटच्या गाडीतली गोरमाटी

नांदेडहून मुदखेड, उमरी करत रेल्वेनं धर्माबादला उतरलो आणि मिरचीच्या अडतीवर गेलो तर खकाण्यानं नाकाडोळ्यातून धार, पण कान मात्र खूश, कारण हमाल, अडत्या, गिऱ्हाईक सगळे अर्धं वाक्य मराठीत नि अर्धं तेलुगूत बोलतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. अडत्या म्हणाला, "आमच्या सुना निजामाबादकडच्या, बासरची सरस्वती इथं शेजारी, तेलुगू कशी सुटंल?" पटलं. 1956 ला हैदराबाद राज्याची भाषेवर वाटणी झाली, सोयरीक आणि बाजाराची थोडीच झाली!



पण डोक्यातून जात नाही ते भोकर-किनवट गाडीतलं. पुढच्या सीटवर तांड्यावरची एक बाई लेकीशी गोरमाटीत, म्हणजे बंजारा समाजाच्या भाषेत, बोलत होती, पोरगी असंल आठ-नऊ वर्षांची, बोलणं अगदी मोकळं, हसणं चाललेलं. तेवढ्यात शेजारचा माणूस कुणी विचारलं नसताना म्हणाला, "पोरीशी मराठीत बोलावं बाई, शाळेत मागं पडंल." बाई गप. मग पदर सावरत तोडक्या मराठीत "पाणी पी" एवढंच. मला इतका राग आला! घरची भाषा पक्की असली तर दुसरी भाषा लवकर येते, मागं पडत नाही, हे मी त्याला सांगितलं, तो खिडकीबाहेर बघत बसला.

धर्माबादच्या तेलुगूला कुणी असं टोकत नाही. तिच्यामागं अख्खी दोन राज्यं आहेत, लिपी आहे, सिनेमा आहे. गोरमाटी बोलणारे महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटकात विखुरलेले, स्वतःची लिपी नाही, राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत, म्हणजे आठव्या अनुसूचीत, नाव नाही आणि जनगणनेत तर ती हिंदीच्या खात्यात जाते, मग बाहेर बोलताना आवाज खाली येणारच ना.

उतरायच्या आधी बाईशी थोडं बोललो. म्हणाली, "शाळेला लागल्यापासून आम्ही गोरमाटीत बोलतो अन् ही मराठीत उत्तर देती दादा. पण ऊसतोडीला गेलो की कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपड्यांवर, सगळी आपलीच, तिथं पुन्हा चांगली बोलती." आणि शाळा? "ती बुडती ना तेवढे महिने."

म्हणजे पोरीनं शाळा धरली तर भाषा सुटते आणि भाषा धरली तर शाळा. पहिली-दुसरीला तांड्यातली गोरमाटी येणारी एक ताई वर्गात बसवायला काय हरकत आहे, मला खरंच कळत नाही.