लील, कासेल, झाँलँ: उत्तर फ्रान्सची ठेवणीतली तांबूस बिअर

पॅरिसच्या गार द्यू नॉर स्थानकावरून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने लीलला पोचायला तासभर लागतो. तेवढ्यात द्राक्षांचा फ्रान्स मागे पडतो. या पट्ट्यात जव, गहू, साखरेचं बीट आणि बटाटा पिकतो आणि बेल्जियमची सीमा हाकेच्या अंतरावर आहे. जेवणाच्या टेबलावर वाइनची बाटली दिसते, पण घराघरातली जुनी सवय बिअरची. तीही लागरसारखी, म्हणजे नेहमीच्या हलक्या बिअरसारखी, पिवळीधमक नव्हे, तर तांब्याच्या रंगाची, 6 ते 8 टक्के अल्कोहोलची, थंडाव्यात मुरवलेली 'बिएर द गार्द', म्हणजे ठेवणीतली बिअर. हा लेख मुख्यतः तिच्या चवीबद्दल आहे. वाटेत प्रवासाची माहितीही येईल, कारण ही बिअर जिथे बनते तिथेच ती सर्वात चांगल्या अवस्थेत मिळते.

बर्फघर नव्हतं त्या काळात उन्हाळ्यात काढलेली बिअर हमखास आंबट व्हायची. हवेतले जिवाणू आणि रानटी यीस्ट गरम दिवसांत जोर धरतात. म्हणून शेतघरांत हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंताच्या तोंडावर बिअर काढायची, पिंपांत भरून तळघरात ठेवायची आणि कापणीच्या दिवसांत मजुरांना द्यायची, असा शिरस्ता होता. आजच्या तांबूस बाटलीला तीच जुनी चव समजणं मात्र चूक आहे. मजुरांची बिअर हलकी असायची आणि लाकडी पिंपात राहून थोडी आंबूसही होत असावी. पहिल्या महायुद्धात या प्रदेशाचा मोठा भाग जर्मन ताब्यात होता. तांब्याची भांडी जप्त झाली, अनेक ब्रुअऱ्या कायमच्या बंद पडल्या. त्यानंतर जी टिकली ती दणकट, गोडसर मॉल्टची (मोड आणून सुकवलेल्या जवाची), 'चैनीची' म्हणून विकली जाणारी बिअर. वालाँसिएनजवळच्या झाँलँ गावात ड्युईक घराण्याने 1922 साली ब्रुअरी सुरू केली. पुढे ही बिअर शॅम्पेनच्या जाड बाटलीत, बूच आणि तारेच्या जाळीसह भरली जाऊ लागली आणि सत्तरच्या दशकात लीलच्या विद्यार्थ्यांनी ती उचलून धरली. तोवर ही जात जवळपास संपल्यातच जमा होती.

रंगावरून फसू नका. तांबूस रंग पाहून लोक कॅरॅमलच्या गोडीची अपेक्षा करतात आणि पहिल्या घोटाला ती मिळतेही. पण चांगली बिएर द गार्द शेवटी कोरडी पडते. रंग येतो तो मुख्यतः व्हिएन्ना आणि म्युनिक जातीच्या मॉल्टमधून. हे जव फिकट मॉल्टपेक्षा जास्त तापमानाला सुकवलेले असतात. कुठे काळ्या मॉल्टची चिमूट असते, कुठे उकळी लांबवलेली असते. आंबवण्याआधी रसाचं घनत्व (पाणी 1.000 धरून) 1.060 ते 1.080 च्या दरम्यान असतं आणि साखरेचं अल्कोहोल होत गेलं की ते उतरतं. ते 1.066 वरून 1.010 पर्यंत उतरलं, तर अल्कोहोल 7 टक्क्यांच्या वर जातं आणि गोडी उरते फक्त वासात. घनत्व 1.018 ला अडकलं की तीच बिअर चिकट लागते, दुसरा ग्लास नकोसा होतो. कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं जेमतेम तोल सांभाळण्यापुरती, कडवटपणा 18 ते 28 आयबीयू (कडवटपणाचं एकक).

यीस्टची बाब जरा वेगळी. सीमेपलीकडच्या सेझाँ या बेल्जियन शेतघरी बिअरमध्ये यीस्ट मिरी, लवंग, संत्र्याची साल असं बरंच काही बोलतं. इथे त्याने गप्प बसायचं असतं. म्हणून 20 अंशांच्या आत आंबवतात, काही ठिकाणी तर लागरचं यीस्ट वापरतात. मग शून्याच्या जवळपासच्या थंडीत काही आठवडे विश्रांती. या काळात प्रथिनं आणि तुरट द्रव्यं एकमेकांना धरून तळाशी बसतात, गंधकाचा वास निघून जातो आणि घोट गुळगुळीत होतो. ही पायरी घाईत उरकलेली बिअर जिभेच्या कडांवर लगेच कळते. तिथे चहा जास्त उकळल्यासारखी ओढ बसते.

झाँलँ आंब्रे (आंब्रे म्हणजे तांबूस) ही या जातीची मोजपट्टी. 7.5 टक्के. वालाँसिएनहून गाव सुमारे 10 किलोमीटरवर आहे. बस असते पण विरळ, त्यामुळे आधी वेळापत्रक पाहावं किंवा सायकल घ्यावी. बाटली फ्रीजमधून काढल्याबरोबर ओतू नका. 5 अंशांना तिच्यात फक्त कॅरॅमल आणि अल्कोहोलची ऊब कळते, बाकी काही नाही. अर्धा तास बाहेर ठेवून 10 ते 12 अंशांना आणा. बाटली उभीच राहू द्या. जाळी काढल्यावर बूच घट्ट धरून बाटली फिरवा, बूच फिरवू नका. ट्युलिपच्या फुलासारखा खाली फुगीर, वर किंचित आवळलेला ग्लास तिरका धरून बारीक धारेने ओता आणि शेवटच्या तिसऱ्या भागात ग्लास सरळ करा. दोन बोटं फेस बसला पाहिजे. तो पांढरा नसतो, हस्तिदंती असतो. बाटलीत गाळ असेल तर तळातला बोटभर भाग सोडून द्यावा, नाहीतर रंग गढूळ होतो आणि चवीत यीस्टचा कच्चेपणा उतरतो.

आता वास. आधी भाजलेल्या पावाची कड, मग ब्रिओश हा लोणीदार पाव, मग सुक्या अंजिराची हलकी झाक. पहिला घोट जिभेच्या टोकावर काकवीइतका गडद लागतो. मधोमध मॉल्टचा खमंगपणा पसरतो आणि घोट गिळताना सगळी गोडी मागे सरते. हॉप्सचा कडवटपणा वेगळा उठत नाही, फक्त चव बंद करायला येतो. ग्लास 14 अंशांपर्यंत चढला की अल्कोहोल नाकात जाणवू लागतं, म्हणून 75 सेंटिलिटरची बाटली एकट्याने लांबवत बसू नये, दोघांत संपवावी. एका बाटलीत 44 ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे फ्रान्सच्या हिशोबाने चार प्यालांहून जास्त. गाडी चालवण्याची मर्यादा लिटरभर रक्तात 0.5 ग्रॅम आहे आणि नव्या परवानाधारकांना 0.2. हा प्रवास ट्रेननेच करायचा.

बाकीच्यांत फरक आहेत आणि ते चाखण्यासारखे आहेत. लाँसजवळच्या बेनिफाँतेनची 'श्ती आंब्रे' 5.9 टक्क्यांची, हलकी, कॅरॅमलकडे झुकलेली. सुरुवात करणाऱ्याला सोपी पडते, जाणकाराला थोडी सपाट वाटेल. ऑर्दँ गावची 'ला शुलेत आंब्रे' 8 टक्के. तिच्यात ज्येष्ठमधाची सावली आणि जास्त कोरडेपणा आहे, जेवणाबरोबर ती झाँलँपेक्षा सरस ठरते असं माझं मत आहे. एस्केलबेकच्या तिरिएझ ब्रुअरीची आंब्रे 5.8 टक्क्यांची असून यीस्टच्या बाबतीत मोकळीढाकळी आहे. ती काटेकोर अर्थाने बिएर द गार्द नाही, सेझाँची शेजारीण आहे. पण 1996 नंतर या भागात छोट्या ब्रुअऱ्यांचं जे नवं वारं आलं त्यात ही आधीच्यांपैकी, म्हणून चुकवू नये. सेंत-सिल्व्हेस्त्र-कापेलची 'त्रोआ माँ' 8.5 टक्के, रंगाने सोनेरी. तांबूस बिअर पिऊन झाल्यावर ती घेतली की मॉल्टचा रंग आणि मॉल्टची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे जिभेला पटतं.

एस्केलबेक आणि कासेल दोन्ही लील–डंकर्क रेल्वेमार्गावर आहेत. कासेलचं स्थानक गावात नाही, खाली सपाटीवर आहे. तिथून सुमारे 3 किलोमीटर चढ आहे. टेकडी जेमतेम 176 मीटर उंच, पण आजूबाजूचा मुलूख इतका सपाट की वरून लांबवरचं दिसतं. माथ्यावर लाकडी पवनचक्की आहे. इथल्या जुन्या दारूगुत्तेवजा खाणावळींना एस्तामिने म्हणतात. लाकडी बाकं, छताला टांगलेली हॉप्सची वाळलेली वेल, कोपऱ्यात खेळ. आठवड्याच्या सुरुवातीला बऱ्याच बंद असतात आणि दुपारचं स्वयंपाकघर दोनच्या सुमारास आवरतं. शनिवार-रविवारी टेबल आधी राखून ठेवावं. नळाची बिअर मागताना 'अँ दमी' म्हटलं की 25 सेंटिलिटर मिळते, 'पिंत' म्हटलं की 50. इतक्या कडक बिअरला दमी पुरे. नळावर काय आहे ते विचारा. बऱ्याच ठिकाणी नळ ब्लाँदला (सोनेरी बिअरला) दिलेला असतो आणि आंब्रे फक्त बाटलीत मिळते.

खाण्यात मारवाल चीजचा टार्ट या बिअरचा खरा जोडीदार. चीजचा वास भयंकर, चव मात्र खारट-लोणीदार. बिअरमधली मॉल्टची गोडी त्या खारटपणाला कापते. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं की टार्टमध्ये मांस बहुधा नसलं तरी अंडं असतं आणि चीज प्राण्यांच्या जठरातल्या रेनेटने विरजलेलं असतं. 'वेल्श' नावाच्या पदार्थात पावावर बिअरमध्ये वितळवलेलं चेडर ओततात, पण खाली हॅमचा काप लपलेला असतो. 'साँ जाँबाँ' असं स्पष्ट सांगावं लागतं.

कार्बोनाद फ्लामांद हा बिअरमध्ये शिजवलेल्या बीफचा रस्सा. घरी करायचा तर मटणावरही जमतो. 1 किलो मांसाला 600 ग्रॅम कांदा, 75 सेंटिलिटर तांबूस बिअर, मोहरीची पेस्ट फासलेले पाँ देपीस या मसालेदार केकवजा पावाचे दोन-तीन काप, 2 चमचे तपकिरी साखर, थाइम, तमालपत्र. मांस आधी तेलात चांगलं लाल करायचं, त्याच भांड्यात कांदा मंद आचेवर अर्धा तास. मग बिअर ओतून वर पावाचे काप ठेवायचे आणि झाकण लावून अडीच ते तीन तास. उकळी खळखळू द्यायची नाही, मांस चामट होतं. चूक हमखास होते ती बिअर निवडताना. हॉप्स भरपूर असलेली, कडू आयपीए बिअर घातली तर रस्सा आटताना कडवटपणाही आटून घट्ट होतो आणि साखरेने तो झाकला जात नाही. बिएर द गार्दचा कडवटपणा कमी असल्यामुळेच ती इथे चालते.

आता एक गोष्ट जी परदेशी लेखांत फार गोंजारली जाते: तळघराचा, ओलसर लाकडाचा, कुबट वास. हीच शेतघराची खूण, असं सांगतात. माझं म्हणणं उलट आहे. तो वास बरेचदा दोष असतो. बुचाच्या बाटलीत बुरशीजन्य टीसीए नावाचं संयुग उतरलं की ओल्या पुठ्ठ्याचा, बंद खोलीचा वास येतो आणि फळ, मॉल्ट सगळं दबतं. दुसरं कारण प्राणवायू. बाटली भरताना किंवा सैल बुचातून हवा शिरली की आधी कागदी चव येते, पुढे शेरीसारखी. अमेरिकेपर्यंत गोदामांत उन्हाळे काढून पोचलेल्या बाटल्यांवरून या जातीची कीर्ती ठरली, म्हणून हा गोंधळ. एकाच बिअरची बूचवाली आणि झाकणवाली बाटली शेजारी ओतून पाहा. झाकणवाल्या 33 सेंटिलिटरमध्ये कुबटपणा नसेल, तर तो ब्रुअरीचा नाही, बुचाचा आहे.

तिसरा दोष उजेडाचा. हिरव्या काचेतून निळा प्रकाश आत जातो, हॉप्समधल्या कडू द्रव्यांशी त्याची प्रक्रिया होते आणि काही तासांतही उग्र, जळक्या रबराचा वास येऊ शकतो. दुकानाच्या खिडकीत मांडलेली बाटली कधीही घेऊ नये, खोक्यातली मागावी. ठेवणीतली म्हणून ती वर्षानुवर्षं ठेवायची असते, असंही नाही. मुरण्याचं काम ब्रुअरीतच पूर्ण झालेलं असतं. घरी थंड, अंधाऱ्या जागी सहा-आठ महिने पुरेत, त्यानंतर गोडी जड होते आणि शेवटचा कोरडेपणा हरवतो.

भारतात आणायची तर मोठ्या माणसामागे 2 लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं. 75 सेंटिलिटरच्या दोन आणि 33 ची एक बाटली त्यात बसते. सामान चेक-इनमध्येच जातं. प्रत्येक बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपड्यांच्या मधोमध ठेवा, बॅगेच्या कडेला नको. प्रवासापुरतं बूच टाळून झाकणाच्या बाटल्या घ्याव्यात. मुंबई-पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये कपाटात राहिलेली बाटली काही आठवड्यांतच कागदी होते, त्यामुळे घरी आल्याबरोबर ती फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उभी करावी. उघडण्याआधी निदान दोन दिवस हलवू नये, नाहीतर गाळ वर येतो आणि फेस टेबलावर.