चार ट्रॅक आणि मी एकटी

शुक्रवारी माझं पहिलं एकटीचं गाणं येतंय. नऊ वर्षं तिघांच्या बँडमध्ये गिटार वाजवली, गायले. आता कव्हरवर फक्त माझं नाव आहे आणि ते बघितलं की अजून पोटात गोळा येतो.

बँड मोडलेला नाही. ड्रमरला बाळ झालंय, बासवाल्याची रात्रपाळी सुरू झालीय, महिन्यातून एक संध्याकाळही तिघांना जमेनाशी झाली. गाणी मात्र सुचायची थांबली नाहीत. दोघांना सांगितलं तेव्हा ड्रमर म्हणाला, "अगं, मग कर ना! वाट कसली बघतेस?" आणि रिहर्सलच्या खोलीची किल्ली, स्वतःच्या ड्रमसेटसकट, माझ्या हातात दिली.

सुरुवात लॅपटॉपवर केली. मिनिटाला 148 ठोक्यांचा क्लिक, म्हणजे ताल धरायची टिकटिक, त्यावर प्रोग्रॅम केलेले ड्रम, वर बास, वर गिटार. सगळं जागच्या जागी, आणि गाण्यात जीव नाही. पंधरा दिवस गिटारचा आवाज बदलत बसले. फझ, म्हणजे गिटारची खरखर, वाढवला, अँप्लिफायर (अँप) बदलला, काही फरक नाही. मग एका रात्री बँडचं जुनं रेकॉर्डिंग लावून टेम्पो मोजला. सुरुवातीला 144, पहिल्या कोरसला 149, शेवटाला 156. कोरस जवळ आला की आमचा ड्रमर पळतो हे मला माहीत होतं, त्यावरून आमची भांडणंही झालीयत. त्या रात्री पहिल्यांदा हे ऐकू आलं की तो पळतो तेव्हा मी गिटार किंचित मागे धरते, आणि त्या ओढाताणीत आमचं गाणं पेटतं. एकटीने ही ओढाताण आणायची कुठून?

एकट्याने बाहेर पडलेल्यांनी याला वेगवेगळी उत्तरं दिलीत. अमेरिकन रॉक गायक-गिटारिस्ट टाय सीगलने सुरुवातीचे कार्यक्रम गिटार हातात, किक ड्रम पायाखाली, असे एकट्याने केले. द व्हाइट स्ट्राइप्स हा दोघांचा रॉक बँड संपल्यावर 2012 मध्ये त्यातल्या गायक-गिटारिस्ट जॅक व्हाइटचा पहिला एकल अल्बम आला, तेव्हा तो दौऱ्यावर दोन बँड घेऊन गेला, एक सगळ्या बायकांचा, एक सगळ्या पुरुषांचा. आज कोण वाजवणार हे त्याच दिवशी ठरायचं. नाव एकट्याचं झालं तरी समोरून धक्का देणारं माणूस त्याला हवंच होतं, असं मला वाटतं.

माझ्याकडे दोन सोडा, एकही बँड मोकळा नव्हता. म्हणून क्लिक बंद केला आणि दोन महिने ड्रमवर घाम गाळला. किक, स्नेअर, फ्लोअर टॉम, हे तीनच ड्रम. ड्रम सगळ्यात आधी रेकॉर्ड केले, मनात गाणं म्हणत. जिथे ओरडायचं असतं तिथे हात आपोआप पळतात. गिटार मात्र चांगले आठ दिवस थांबून वाजवली, हात कुठे पळाले होते ते अंगातून जाईपर्यंत. मग हेडफोनमध्ये येणारे ड्रम दुसऱ्याच कुणाचे वाटले आणि मी त्यांना मागे खेचायला लागले, सवयीने, आमच्या ड्रमरला खेचायचे तशी.

हे सगळं लॅपटॉपवर नाही, चार ट्रॅकच्या, म्हणजे चार आवाज वेगवेगळे रेकॉर्ड करता येणाऱ्या, जुन्या कॅसेट मशीनवर केलं. टॅस्कॅम कंपनीने 1979 मध्ये पहिला पोर्टास्टुडिओ काढला, त्या जातीचं. कॅसेट दुप्पट वेगाने फिरते आणि चारही ट्रॅक एकाच दिशेने जातात, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम पंधरा मिनिटं. ड्रम, बास, गिटार असे तीन ट्रॅक चौथ्यावर एकत्र उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेवर गायचं. गायलं की खालचं पुसलं गेलं, मग ड्रम कमी वाटले तरी वाढवता येत नाहीत. पाच वेळा उतरवलं, पाचही वेळा कोरसमध्ये ड्रम गिटारखाली दबले. सहाव्या वेळी फेडरच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणाच्या, कडेला पेन्सिलीने रेघ मारली, कोरस आला तसा अंगठ्याने ड्रम त्या रेघेपर्यंत ढकलले, आणि दुसऱ्या हाताने माइकसमोर खंजिरी वाजवली, तीही त्याच ट्रॅकवर. एके ठिकाणी खंजिरी टेबलावर आपटलीय. ऐकू येते. ठेवलीय.

गायला एकच संध्याकाळ लागली. हेडफोन लावून गायले की आवाज नाजूक व्हायचा. म्हणून हेडफोन काढले, चौथा ट्रॅक अँपमधून मोठ्याने सोडला आणि त्याच्यावर ओरडून गायले. अँपचा आवाज माइकात शिरलाय, पण त्यामुळेच खोलीत मी एकटी आहे असं वाटत नाही.

परवा ड्रमरच्या घरी जाऊन त्याला ऐकवलं. बाळ खांद्यावर झोपलेलं, म्हणून इयरफोन. तो काही बोलला नाही. बाळाच्या पाठीवर एका बोटाने हलकेच ताल धरून होता. दुसरा कोरस आला आणि त्याचं बोट माझ्या ड्रमच्या पुढे पळालं.

"परत लाव," म्हणाला.